बाटलीवरचं गाव

फ्रान्समधल्या एखाद्या लहान गावात जेवायला बसलं की वाइनची यादी हातात येते आणि आपल्याकडून गेलेला माणूस पहिल्याच पानावर अडतो. आपल्याला सवय असते द्राक्षाची जात वाचायची. नाशिकच्या बाटलीवर शिराझ, शेनँ ब्लां, कॅबर्ने असं ठळक छापलेलं असतं. त्या यादीत मात्र जातीचं नाव बहुधा सापडतच नाही. तिथे गावं असतात, टेकड्या असतात, नदीकाठ असतात: शाब्ली, साँसेर, व्होल्ने, बांदोल, अर्बुआ. शेजारच्या चीजच्या यादीत रोकफोर आणि मुंस्तेर, तीही गावंच. वाढप्याला विचारावं तर तो आपुलकीने समजावतो, पण त्याच्या बोलण्यातही पुन्हा गावंच येतात.

पदार्थाला गावाचं नाव चिकटणं आपल्यालाही नवं नाही. तिकडे मात्र हे नाव कायद्याने बांधलेलं आहे. द्राक्ष कुठल्या शिवारातलं, जात कोणती, हेक्टरी उतारा किती घ्यायचा, वाइन किती काळ मुरवायची, हे सगळं त्या एका नावाच्या पोटात असतं. परदेशात तिथलं खाणंपिणं समजून घ्यायचं असेल तर या नावाइतका भरवशाचा वाटाड्या नाही, असं माझं ठाम मत आहे. हे नाव सहज पडलेलं नाही. बागायतदार आणि व्यापारी यांच्या दीर्घ भांडणातून ते घडत गेलं, आणि ते भांडण ठाऊक असलं की बाटलीवरची अक्षरं बोलायला लागतात.

सुरुवात फार जुनी आहे. १९२२ साली हॉवर्ड कार्टरने तुतनखामेनची कबर उघडली, तेव्हा तिथे वाइनचे रांजणही सापडले. त्यांच्यावर शाईने लिहिलेलं होतं: राजाच्या कारकिर्दीचं वर्ष, मळा कुणाचा, नदीच्या कुठल्या फाट्यावरचा, आणि वाइन करणाऱ्या मुख्य कारागिराचं नाव. आजच्या लेबलवरचा जवळजवळ सगळा मजकूर सव्वातीन हजार वर्षांपूर्वी तयार होता. रोमन लोक कंपानियातल्या फालेर्नियन वाइनवर जीव टाकत. नाव मोठं झालं की त्याची नक्कल होणारच, आणि फालेर्नियनच्या नावावर भलतंच खपवलं जाण्याची तक्रार तेव्हाही होती. नाव होतं, पण त्याला राखणदार नव्हता.

पहिली राखण दिसते ती चीजच्या बाबतीत. १४११ साली फ्रान्सचा राजा सहावा शार्ल याने रोकफोर गावच्या लोकांना त्यांच्या गुहांत चीज पिकवण्याचा एकाधिकार दिला. कारण डोंगरातच आहे. कोंबालू डोंगराचा कडा केव्हातरी ढासळला आणि आत भेगा आणि पोकळ्या राहिल्या. त्या भेगांतून थंड, दमट हवा बारा महिने खेळते आणि मेंढीच्या दुधाच्या चीजमध्ये निळी बुरशी हवी तशी धरते. दूध दुसऱ्या गावाहून आणता येईल, पण ती हवा आणता येणार नाही. पदार्थाचा गुण जागेत आहे, म्हणून नावाचा हक्कही जागेचा, हा विचार इथे स्पष्ट उभा राहिला.

वाइनच्या बाबतीत तो इटलीतल्या तोस्कानात आला. २४ सप्टेंबर १७१६ रोजी तिसरा कोसिमो मेदिची या ग्रँड ड्यूकने फर्मान काढून कियांती, पोमिनो, कार्मिन्यानो आणि वाल दार्नोचा वरचा भाग अशा चार मुलखांच्या सीमा आखल्या. या सीमेबाहेरची वाइन या नावाने विकायची नाही, असा त्याचा अर्थ. सीमा ठरली, पण आत काय लावायचं आणि कसं करायचं हे मोकळंच राहिलं.

त्यानंतरची पायरी पोर्तुगालच्या दोरु नदीच्या खोऱ्यात पडली. १७०३ च्या मेथुएन तहाने इंग्लंडात पोर्तुगीज वाइनवरची जकात फ्रेंच वाइनपेक्षा एक तृतीयांशाने कमी झाली. फ्रान्सशी इंग्रजांचं वैर, त्यामुळे पोर्तोच्या वाइनला मागणी उसळली. दोरुचे उतार म्हणजे पाटीसारख्या फुटणाऱ्या दगडाचे. त्यांवर पायऱ्या खोदून वेली लावायच्या, घड डोक्यावरून खाली आणायचे, पिंपं सपाट तळाच्या होड्यांतून नदीने पोर्तोकडे न्यायची आणि समोरच्या काठावर गाया या ठिकाणच्या गोदामांत साठवायची. दूरच्या प्रवासात टिकावी म्हणून वाइनमध्ये द्राक्षाची दारू घालत. पुढे ती आंबवण चालू असतानाच घालण्याची रीत पक्की झाली. त्याने आंबणं थांबतं आणि फळाची साखर आत राहते. पोर्टचा गोडवा तो हा.

मागणी वाढली तशी भेसळ वाढली. रंग गडद दिसावा म्हणून एल्डरबेरीचा रस, गोडीला साखर, शिवाय बाहेरून आणलेली हलकी वाइन. १७५० च्या दशकात भाव कोसळले. इंग्रज व्यापारी म्हणाले, शेतकरी भेसळ करतात. शेतकरी म्हणाले, तुम्हीच करायला सांगता. तेव्हा लिस्बनमध्ये कारभार होता पुढे मार्किश द पोंबाल म्हणून प्रसिद्ध झालेल्या मंत्र्याच्या हाती, आणि १७५५ च्या भूकंपाने राजधानी नुकतीच उद्ध्वस्त झाली होती. १० सप्टेंबर १७५६ रोजी त्याने एक कंपनी स्थापली आणि वरच्या दोरुतल्या द्राक्षमळ्यांचा सगळा व्यवहार तिच्या ताब्यात दिला. मळ्यांची पाहणी झाली, प्रत लावली गेली, एल्डरबेरीची झाडं उपटायचा हुकूम निघाला. मग सीमेवर ग्रॅनाइटचे ३३५ दगड पुरले गेले. त्यातले काही आजही वेलींमध्ये उभे दिसतात.

या बंदोबस्ताची किंमतही मोठी होती. किरकोळ वाइनविक्रीही कंपनीच्या मुठीत गेल्याने १७५७ साली पोर्तोचे लोक रस्त्यावर उतरले. पोंबालने तो उठाव चिरडला आणि कित्येकांना फासावर चढवलं. नाव वाचलं, पण ते वरून वाचवलं गेलं. मालाला बरा भाव मिळाला तरी नियम ठरवण्यात मळेवाल्याला जागा नव्हती. ही उणीव भरून निघायला पुढे पावणेदोनशे वर्षं जावी लागली.

मधल्या काळात एका किड्याने सगळा डाव उलटवला. अमेरिकेतून आलेल्या वेलींबरोबर माव्याच्या जातीचा फिलोक्सेरा हा किडा फ्रान्समध्ये शिरला. तो मुळांवर बसतो, त्यामुळे वेल वरून धडधाकट दिसते आणि एक दिवस वाळते. १८६८ साली ऱ्होन नदीच्या खालच्या खोऱ्यात वाळलेल्या वेली उपटल्या तेव्हा वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशों आणि त्याच्या सोबत्यांना मुळांवर हा किडा दिसला. उपायही अमेरिकेतच मिळाला. तिथल्या जंगली वेलींची मुळं किड्याला पुरून उरतात, म्हणून खुंट अमेरिकेचा आणि वर कलम आपल्या जातीचं, असं युरोपने केलं. नाशिक-सांगलीचा बागायतदार डॉगरिज खुंटावर कलम बांधतो, तो खुंटही मूळचा टेक्सासचाच. आपल्याकडे तो क्षारपड जमीन आणि पाण्याची ओढ सोसतो म्हणून आला, पण हात तोच, कला तीच.

बागा मेल्या तरी फ्रान्सची तहान कमी झाली नाही. बाजारात मनुकांची वाइन आली, चोथ्यावर साखरपाणी घालून केलेली वाइन आली. वाइन म्हणजे ताज्या द्राक्षाचा आंबवलेला पदार्थ, एवढं साधं वाक्य १८८९ साली कायद्यात लिहावं लागलं. १९०५ मध्ये मालाच्या फसवणुकीविरुद्धचा कायदा झाला, तरी बनावट माल थांबला नाही. जून १९०७ मध्ये दक्षिणेतल्या माँपेलिए शहरात लाखो लोक जमले. नार्बोनमध्ये सैन्याच्या गोळीबारात माणसं मेली. मागणी एवढीच होती की खऱ्या वाइनला खरी म्हणा.

शॅम्पेनमध्ये प्रकरण आगीपर्यंत गेलं. तिथली रचना अशी की द्राक्ष पिकवणारे हजारो छोटे मळेवाले आणि विकत घेऊन वाइन करणारी मोजकी बडी घराणी. घराणी बाहेरून स्वस्त वाइन आणून शॅम्पेनच्या नावाने विकतात, हा मळेवाल्यांचा जुना आरोप. १९०८ साली सरकारने प्रदेशाची हद्द आखली, तीत मार्नचा मुलूख आत आला आणि शेजारचा ओब बाहेर राहिला. १९१० चं पीक रोगराईने आणि गारपिटीने गेलं. जानेवारी १९११ मध्ये मार्नच्या मळेवाल्यांनी संशयित व्यापाऱ्यांची तळघरं फोडून वाइन ओतून दिली. मग ओबवाले उठले: आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शॅम्पेनला द्राक्ष पुरवतो, आम्ही परके कसे? सिनेटने हद्दच रद्द करावी असा कौल दिला आणि एप्रिलमध्ये मार्नकाठच्या आय या गावात व्यापाऱ्यांच्या इमारती पेटल्या, रस्त्यांतून वाइन वाहिली, लष्कर आलं. ओबला पुरता न्याय मिळाला तो १९२७ च्या कायद्याने.

या भांडणाची खूण आजही प्रत्येक शॅम्पेनच्या बाटलीवर आहे. लेबलच्या तळाशी, बहुतेक जण वाचत नाहीत इतक्या बारीक ठशात, एका क्रमांकाआधी दोन रोमन अक्षरं असतात. ‘एन. एम.’ असेल तर द्राक्ष विकत घेणाऱ्या घराण्याची वाइन, ‘आर. एम.’ असेल तर स्वतःच्या मळ्यातल्या द्राक्षाची वाइन स्वतः करणाऱ्या मळेवाल्याची. दोन्ही उत्तम असू शकतात. पण हा फरक छापणं सक्तीचं आहे, आणि ती सक्ती का आली हे ठाऊक असलेला प्रवासी दुकानात अधिक शहाणपणाने उभा राहतो.

आता कायद्याकडे. १९१९ च्या कायद्याने नावाचे तंटे न्यायालयाकडे सोपवले. पण त्यात एक भोक राहिलं: जागा बरोबर असली की पुरे, तिथे कुठली जात लावली हे कुणी विचारत नव्हतं. नामवंत गावांत ओल्या, सखल जमिनींवर भरघोस उताऱ्याच्या जाती लावून लोक तेच नाव वापरू लागले. हे भोक दोघांनी बुजवलं. एक जोसेफ काप्युस, शेतीशास्त्राचे प्राध्यापक आणि पुढे मंत्री, सिनेटर. दुसरे बॅरन पिएर ल र्वा, कायद्याचे पदवीधर, पहिल्या महायुद्धातले वैमानिक, ऱ्होनकाठच्या शातोनफ-द्यु-पाप गावचे जावई. १९२३ मध्ये गावकरी ल र्वांकडे गेले आणि गावाने स्वतःच स्वतःला नियम घालून घेतले. ज्या जमिनीवर लव्हेंडर आणि थाइम उगवतं, म्हणजे जी कोरडी आणि हलकी आहे, तेवढीच धरायची. ठरलेल्याच जाती लावायच्या. वाइनमध्ये किमान १२.५ टक्के अल्कोहोल हवं. आणि तोडणीच्या वेळी ठरावीक वाटा खराब घड म्हणून बाजूला काढायचाच.

पोंबालने दगड पुरून जे वरून केलं, ते इथे खालून झालं. व्यापाऱ्यांच्या गैरवागणुकीला आवर हवा, तसा आपल्या स्वतःच्या हावेलाही हवा, हे मळेवाल्यांनी मान्य केलं. या सगळ्या इतिहासातला मला सर्वांत मोठा वाटणारा क्षण हा आहे. ३० जुलै १९३५ रोजी काप्युस यांच्या प्रयत्नाने हीच रीत साऱ्या देशाची झाली आणि नियंत्रित मूळनावांची व्यवस्था उभी राहिली. १९३६ च्या मे महिन्यात पहिली नावं जाहीर झाली, त्यांत शातोनफ-द्यु-पाप होतं आणि पूर्वेकडचं अर्बुआही. इटलीने १९६३ मध्ये आपला कायदा केला आणि १९९२ पासून युरोपीय समुदायाने चीज, तेल, डाळी, मिरची अशा शेतमालालाही हे संरक्षण दिलं.

नाव वाटाड्या कसा होतो, हे अर्बुआत नीट कळतं. ज्युरा डोंगरांच्या पायथ्याचं हे गाव. लुई पाश्चरचं बालपण इथलं, आणि वाइन का बिघडते याचा अभ्यासही त्याने १८६० च्या दशकात इथे केला. इथली खासियत म्हणजे पिवळी वाइन, व्हँ जोन. द्राक्ष एकच, साव्हान्यँ. वाइन पिंपात भरली की उडून कमी झालेली जागा पुन्हा भरत नाहीत. पृष्ठभागावर यीस्टची पातळ साय धरते आणि तिच्याखाली वाइन सहा वर्षं तीन महिने पडून राहते. मग ती ६२० मिलिलिटरच्या बुटक्या बाटलीत भरतात. लिटरभर वाइनमधून एवढीच उरते, असा त्या मापाचा हिशोब सांगतात. पेला नाकाशी नेला की अक्रोड येतो, आणि मराठी नाकाला त्याच्यामागून मेथी येते. तो भास नाही. मेथीदाण्याला त्याचा वास देणारा सोटोलोन हाच रेणू या वाइनमध्येही तयार होतो.

आता त्याच गावात चीजची यादी पाहावी. तिथे कोंते असणारच. ज्युराचा हिवाळा लांब आणि बर्फाचा, म्हणून उन्हाळ्यातलं दूध हिवाळ्यासाठी साठवायचं. एका घरच्या गाईंचं दूध पुरत नाही, म्हणून गावाने दूध एकत्र करायचं. त्यातून सुमारे ४०० लिटर दुधाची, ४० किलोंच्या आसपासची मोठी चकती आली आणि ती करणाऱ्या सहकारी दूधशाळाही आल्या. किमान चार महिने मुरलेल्या या चीजमध्येही अक्रोडाची झाक असते. मुरलेलं कोंते आणि पिवळी वाइन एकत्र घ्यावी हे तिथल्या माणसाला पुस्तकाने शिकवलेलं नाही. एकाच हवेत, एकाच तळघरांच्या गावात दोन्ही वाढली. म्हणून परक्या मुलखात माझा सल्ला साधा असतो: ताटातल्या पदार्थाचं गाव आणि पेल्यातल्या वाइनचं गाव जितकं जवळ, तितकं जेवण जुळण्याची शक्यता जास्त.

वाइन न घेणाऱ्यालाही हे नाव तितकंच कामाचं आहे. प्युईची हिरवी मसूर १९९६ पासून आणि बास्क मुलखातल्या एस्पलेतची मिरची २००० पासून अशाच नियंत्रित नावाखाली येते. शाकाहारी प्रवाशासाठी तर हे नाव म्हणजे पारदर्शक करार. पार्मिजानो रेज्जानो या चीजच्या नियमांतच लिहिलं आहे की दूध वासराच्या पोटातल्या रेनेटनेच विरजायचं. म्हणजे त्या नावाचं शाकाहारी चीज असूच शकत नाही. उपाहारगृहात कुणी काहीही सांगो, नाव वाचलं की उत्तर मिळालं.

नावाला मर्यादाही आहेत. ते चवीची हमी देत नाही. शिवाय नावं ताणली जातात: १९३२ साली कियांतीचं नाव आजूबाजूच्या मोठ्या मुलखाला दिलं गेलं, आणि कोसिमोच्या मूळ टापूला ‘क्लासिको’ असं वेगळं म्हणवून घ्यावं लागलं. त्याच तोस्कानात सासिकाया ही जगप्रसिद्ध वाइन परदेशी जातींची, म्हणून नियमात बसत नव्हती. १९९४ पर्यंत तिच्यावर ‘साधी टेबलवाइन’ असंच छापलेलं असे. नियम राखण करतात, तसे नवं येणारं अडवतातही. म्हणून ते जिवंत हवेत, आणि ते बदलण्याचा अधिकार पिकवणाऱ्याच्या हातात हवा.

आपल्यापर्यंत हा प्रवाह १९९४ च्या जागतिक व्यापार कराराने आला. त्यातून १९९९ चा भौगोलिक निर्देशांक कायदा झाला आणि २००३ पासून तो लागू आहे. गोव्याच्या काजूच्या फेणीला २००९ मध्ये हे संरक्षण मिळालं. त्याच गोव्यात स्थानिक गोड लाल वाइन ‘पोर्ट’ म्हणून खपत आली आहे. दोरुच्या मळेवाल्याला ते का खुपावं, हे आता वेगळं सांगायला नको. कोकणच्या हापूसला २०१८ साली नोंदणी मिळाली, तरी कर्नाटकातला आंबा देवगडच्या पेटीत भरून विकला जातो ही तक्रार दर हंगामात असते. मार्नच्या मळेवाल्याचं १९११ चं दुखणं आपल्या वाशीच्या बाजारात असं रोज भेटतं.

नाशिक व्हॅली वाइन या नावाचीही नोंद झाली आहे आणि काही बाटल्यांवर दिंडोरीचं नाव दिसतं. ही चांगली सुरुवात आहे. पण नोंदणी म्हणजे पुरलेले सीमेचे दगड, त्याहून जास्त नाही. कुठल्या तालुक्यातल्या कुठल्या उतारावर कोणती जात खरी उतरते, उतारा किती घ्यायचा, कुठला घड बाजूला काढायचा, हे ठरवायचं काम पुढे आहे, आणि ते मंत्रालयात होणार नाही. शातोनफच्या गावकऱ्यांनी जसं स्वतःच्या हावेला कुंपण घातलं, तसं दिंडोरी-निफाडच्या बागायतदारांना घालावं लागेल. तेव्हाच परदेशातून नाशिकला आलेला पाहुणा बाटलीवरचं गाव वाचून विश्वासाने विचारेल, की याच्याबरोबर इथलं काय खायचं.